जुन्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टिअरिंग जड झालं तर…

ऊस कारखान्याला जायला लागला की आपल्या सीमाभागातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. निपाणी, चिकोडी, अथणी, कुठेही जा, नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने हेच चित्र. त्या रांगेत नवे कोरे ट्रॅक्टर असतात तसेच पंधरा-वीस वर्षं जुनेही असतात. अनेक घरांत असा एक जुना ट्रॅक्टर आहे. कर्ज केव्हाच फिटलेलं, इंजिन अजून दणकट, आणि घरातल्या एका माणसाचा त्याच्यावर भारी जीव. आपण नोकरीसाठी बेळगाव, पुणे, बेंगळुरूला आलो, तरी सणावाराला गावी गेल्यावर त्या ट्रॅक्टरच्या तक्रारी आपल्या कानावर येतातच.

त्यांतली एक नेहमीची तक्रार म्हणजे "स्टिअरिंग जड झालंय." तिच्यावरचा नेहमीचा सल्लाही ठरलेला असतो, "ऑर्बिटल गेलं, नवीन टाका." कधी तो सल्ला बरोबर असतो. पण अनेकदा दोष कुठल्या तरी साध्या जागी असतो आणि महागडं युनिट बदलूनही तक्रार तशीच राहते. मी बी.ई. झालो आणि सॉफ्टवेअरमध्ये पोट भरतो. रोजचं काम म्हणजे चूक नेमकी कुठे आहे ते शोधणं. ट्रॅक्टरच्या बाबतीतही तीच शिस्त कामी येते. आधी यंत्रणा समजून घ्यायची, मग स्वस्त आणि सोप्या तपासण्या करायच्या, आणि खोलाखोल सर्वांत शेवटी.

आत नेमकं काय चालतं?

मोटारगाड्यांत पॉवर स्टिअरिंग तसं जुनं आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकातच ते तयार केलं होतं. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीत मात्र ते १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलमध्ये आलं. ट्रॅक्टरवर त्याचे दोन प्रकार दिसतात. काही जुन्या ट्रॅक्टरांत नेहमीचा स्टिअरिंग बॉक्स तसाच असतो आणि तेलाचा एक सिलिंडर त्याला फक्त हातभार लावतो. दुसरा प्रकार आता जास्त दिसतो. त्यात स्टिअरिंगचं चाक आणि पुढची चाकं यांच्यामध्ये लोखंडी जोड नसतोच, सगळा कारभार तेलावर चालतो. गॅरेजमध्ये 'ऑर्बिटल' म्हणतात ते या प्रकारातलं मधलं युनिट. पुढचं सगळं याच प्रकाराबद्दल आहे.

तेलाचा प्रवास असा. टाकीतून तेल सक्शन पाइपने पंपात येतं. पंप इंजिनवर चालतो. पंपातून दाबाखालचं तेल स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या ऑर्बिटल युनिटमध्ये जातं. तिथून ते डावीकडे किंवा उजवीकडे वळून पुढच्या अ‍ॅक्सलवरच्या सिलिंडरमध्ये शिरतं आणि चाकं वळवतं. सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूचं तेल युनिटमधून, फिल्टरमधून परत टाकीत.

युनिटच्या आत दोन भाग महत्त्वाचे. एक म्हणजे व्हॉल्व्ह. एकात एक बसलेल्या दोन नळ्या, ज्या तुम्ही चाक फिरवताच एकमेकींच्या तुलनेत काही अंश सरकतात आणि तेलाला वाट उघडून देतात. हात थांबला की पट्टीच्या स्प्रिंग त्यांना पुन्हा मध्यावर आणतात. दुसरा भाग मोजमापाचा. सात खाचांच्या कड्यात सहा दातांचा रोटर फिरतो आणि एका फेऱ्यात ठरावीकच तेल पुढे सोडतो. म्हणून चाक जितकं फिरवाल तितकीच चाकं वळतात. इंजिन बंद पडलं तरी हाच रोटर हातपंपासारखा काम करतो. स्टिअरिंग खूप जड होतं, पण वळतं.

जोर किती मिळतो त्याचा हिशेब करून बघू. समजा सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर, दांडा २५ मिलिमीटर आणि दांडा दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. तेल ज्या क्षेत्रावर दाबतं ते साधारण १४.७ चौरस सेंटिमीटर. दाब १०० बार असेल तर जोर होतो सुमारे दीड टन. नांगरलेल्या रानात रुतलेली चाकं दोन बोटांनी वळतात ती यामुळे. आणि गळती झाली की हाच दीड टन कुठे तरी विरून जातो. तो कुठे विरतो हे शोधणं म्हणजेच दोष शोधणं.

आधी लक्षण नीट विचारा

"जड झालंय" एवढ्याने काही कळत नाही. डॉक्टर विचारतात तसे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

सकाळी थंड असताना जड की दुपारी गरम झाल्यावर? तेल गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या भागांतून आतल्या आत निसटतं. सकाळी ठीक आणि दुपारी जड, तर झीज किंवा गळतीचा संशय घ्या.

इंजिनचा वेग वाढवल्यावर हलकं होतं की आणखी बिघडतं? हा प्रश्न फार मोलाचा आहे. पंप झिजला असेल तर आरामात चालणाऱ्या इंजिनवर तेल कमी पडतं आणि वेग वाढवला की बरं वाटतं. पण पंपाला तेल ओढायलाच अडथळा असेल तर उलटं होतं. वेग वाढला की पंप जास्त तेल मागतो, ते मिळत नाही, आवाज चढतो आणि स्टिअरिंग धक्के देत चालतं.

दोन्ही बाजूंना जड की एकाच? दोन्ही बाजूंना असेल तर दोष दोन्हींसाठी समाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे तेल, फिल्टर, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. एकाच बाजूला असेल तर त्या बाजूचा होज, सिलिंडर, युनिटमधला त्या बाजूचा सुरक्षा व्हॉल्व्ह, किंवा मग लोखंडी सांगाडा.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे लागतात? वरच्याच उदाहरणात सिलिंडरचा पल्ला २०० मिलिमीटर धरला तर त्याला सुमारे २९४ घन सेंटिमीटर तेल लागतं. युनिट एका फेऱ्यात १०० घन सेंटिमीटर देत असेल तर तीन फेरे पुरेत. चार लागायला लागले तर चौथा हिस्सा तेल वाटेतच गळतंय. ट्रॅक्टर चांगला चालत असतानाच हे फेरे मोजून लिहून ठेवले, तर पुढे हा आकडा फुकटचा पुरावा ठरतो.

खिशाला न लागणाऱ्या तपासण्या

टाकीचं झाकण उघडा. पातळी कमी आहे का? तेलावर फेस आहे का? फेस म्हणजे हवा शिरतेय, आणि ती बहुधा सक्शन पाइपच्या ढिल्या क्लॅम्पमधून किंवा पाइपच्या चिरेतून. या पाइपमध्ये ओढ असते, त्यामुळे बाहेर तेलाचा थेंबही न दिसता हवा आत जाऊ शकते. तेल दुधाळ दिसत असेल तर पाणी मिसळलंय. काळं आणि जळका वास येणारं असेल तर ते बदलण्यापलीकडे गेलंय.

तेल कुठलं घालायचं ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं, तेच घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको. त्याने या यंत्रणेतले रबरी सील फुगतात आणि मग सगळंच खोलावं लागतं.

फिल्टर किंवा जाळी शेवटची कधी बदलली, हा प्रश्न विचारल्यावर बहुतेक घरांत एकमेकांकडे बघितलं जातं. जाळीत सापडलेला कचरा फेकू नका. रबराचे तुकडे असतील तर होज किंवा सील सुटतंय. चमकणारा धातूचा चुरा असेल तर पंप किंवा युनिट झिजतंय.

पुढच्या चाकांतली हवा बघा. कमी हवेच्या टायरने उत्तम पॉवर स्टिअरिंगही जड वाटतं.

यानंतरची तपासणी मला सर्वांत आवडते, कारण ती यंत्रणेचे सरळ दोन भाग करते. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना लाकडी ओट लावा. पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचला आणि भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली वाकू नका. इंजिन बंद करा, चाक दोन-तीनदा डावी-उजवीकडे फिरवून दाब उतरवा आणि सिलिंडरची पिन काढून तो मोकळा करा. आता पुढची चाकं हाताने वळवा. ती अलगद वळली पाहिजेत. अडकली तर दोष तेलात नाही, लोखंडात आहे. किंगपिन कोरडी पडलेली असेल, तिचं थ्रस्ट बेअरिंग किंवा बुश गेलं असेल, टायरॉडचे बॉल जॉइंट आवळले असतील. याच वेळी चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवून खेळ किती आहे तेही बघा.

एका ट्रॅक्टरची गोष्ट

निपाणीजवळच्या आमच्या गावी काकांचा ट्रॅक्टर असाच वीस वर्षांचा. तक्रार अशी, की रोटाव्हेटर मारताना बांधावर वळवायचं म्हटलं की खांदे भरून येतात, आणि उजवीकडे जास्तच. काका साठीच्या पुढचे. तालुक्याच्या एका गॅरेजने नवीन ऑर्बिटल सांगितलं होतं. त्या किमतीत घरातला विचार वेगळ्याच दिशेने चालला होता. ट्रॅक्टर विकून टाकायचा आणि काम भाड्याने करून घ्यायचं. ट्रॅक्टर गेला की काकांचं शेतावर जाणंही कमी होणार, हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

गावातले मिस्त्री काकांच्याच वयाचे. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलणारे, आणि कानाने निदान करणारे. त्यांना मी वहीतली उत्तरं वाचून दाखवली. जड दोन्ही बाजूंना, उजवीकडे जास्त. गरम झाल्यावर जास्त. वेग वाढवला की पंप ओरडतो आणि स्टिअरिंग हिसके देतं. टाकीत फेस. मिस्त्री म्हणाले, "पंप उपाशी आहे रे बाबा. त्याला खायला तर घाल."

सक्शनचा पाइप काढला. बाहेरून ठीक, पण आतला रबराचा थर सुटलेला. तेल गरम झालं की तो थर मऊ पडून आत ओढला जायचा आणि वाट अडवायचा. क्लॅम्पही ढिले. नवा पाइप, नवे क्लॅम्प, नवी जाळी, नवं तेल टाकलं. पंपाचा आवाज थांबला, हिसके गेले. पण उजवीकडचा जडपणा थोडा राहिलाच.

मग अ‍ॅक्सल उचलून सिलिंडर सोडला. डावं चाक सहज फिरलं, उजवं एका ठिकाणी अडत होतं. तिथल्या किंगपिनच्या ग्रीस निपलमध्ये माती घट्ट बसली होती, त्यामुळे कित्येक दिवस ग्रीस आत गेलंच नव्हतं. पिन आणि बेअरिंग बदललं. ऑर्बिटलला पाना लावावाच लागला नाही. सगळा खर्च नव्या युनिटच्या किमतीच्या मानाने किरकोळ झाला.

इथे दोन दोष एकत्र होते. एकाने दुसऱ्याला झाकलं होतं. अशा वेळी एका दमात चार वस्तू बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. एक बदल करायचा, चालवून बघायचं, लिहायचं, मग पुढचा.

आता गेज लावा

साध्या तपासण्यांत काही सापडलं नाही तर दाब मोजायचा. पंप आणि युनिट यांच्यामधल्या लाइनमध्ये टी-जॉइंट घालून पुरेशा क्षमतेचं प्रेशर गेज लावतात. तेल नेहमीइतकं गरम झाल्यावर चाक एका टोकाला नेऊन दोन-तीन सेकंद धरायचं आणि आकडा वाचायचा. पुस्तकात दिलेल्या आकड्याशी तो जुळला तर पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह ठीक. कमी आला तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का ते आधी बघा. तो साफ करूनही दाब चढत नसेल तर पंपाकडे वळा. पंपाची बाहेरची वाट पूर्ण बंद करून दाब मोजायचा प्रयत्न करू नका. रिलीफ व्हॉल्व्ह युनिटमध्ये असेल तर तेलाला सुटायला जागाच उरत नाही आणि होज किंवा पंप फुटतो.

दाब ठीक, सांगाडा मोकळा, तरी फेरे जास्त लागतात? मग सिलिंडरचं सील किंवा युनिट. आधी सिलिंडर तपासायचा. चाकं एका टोकाला नेऊन इंजिन बंद करायचं, सिलिंडरच्या परतीच्या बाजूचा होज सोडून होजचं तोंड बुचाने बंद करायचं, आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा धरायचा. इंजिन मंद गतीवर सुरू करून त्याच टोकाकडे चाक दाबून धरलं की बघा. डब्यात तेलाची धार चालूच राहिली तर पिस्टनचं सील गेलं. उलट बाजूला मात्र चाक फिरवू नका. ही तपासणी पहिल्यांदा मिस्त्रींच्या देखरेखीखालीच करा.

सिलिंडर निर्दोष निघाला, तरच युनिट दोषी. ते उघडणं अनुभवी हाताचं काम. आतला रोटर आणि त्याला फिरवणारा दांडा ठरावीक खुणेवरच जुळवावे लागतात. ती जुळणी चुकली तर इंजिन सुरू करताच स्टिअरिंगचं चाक आपोआप गरागरा फिरू शकतं आणि हात मोडू शकतो. मध्यावर आणणाऱ्या स्प्रिंग तुटल्या असतील तर हात सोडल्यावर चाक जागेवर थांबत नाही. कित्येकदा सीलचा संच बदलून युनिट पुन्हा कामाला लागतं. आतल्या धातूवर खोल ओरखडे असतील तर मात्र नवीनच घ्यावं.

काम संपलं की हवा काढायची. टाकी भरा, अ‍ॅक्सल उचललेलाच ठेवा, इंजिन मंद गतीवर चालवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. टोकाला धरून ठेवू नका. पातळी उतरेल तसं तेल घालत रहा. बुडबुडे थांबले की झालं.

जिवाशी खेळ नको

दाबाखालच्या होजला सुईएवढं छिद्र असलं तर तिथून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जायचं आणि डॉक्टरांना "दाबाचं तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगायचं. उशीर केला तर बोट, हात गमवायची वेळ येते.

दुसरी गोष्ट उसाच्या ट्रॉलीची. मागे जास्त वजन आलं की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, पुढच्या चाकांची पकड सुटते. तेव्हा स्टिअरिंग उलट हलकं लागतं आणि ट्रॅक्टर वळत नाही. हा पॉवर स्टिअरिंगचा दोष नाही आणि कुठलीही दुरुस्ती त्यावर उपाय नाही. वजन आवरायचं आणि पुढे कंपनीने सांगितलेली वजनं लावायची. स्टिअरिंगमध्ये खेळ असताना, ते हिसके देत असताना किंवा मध्येच सुटत असताना ट्रॉली जोडून रस्त्यावर निघू नये. शेतात बांधावर चुकलेला ट्रॅक्टर मागे घेता येतो. डांबरी रस्त्यावर समोरून दुचाकीवर एखादं कुटुंब येत असतं.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी बहुतेकांना आता रोज ट्रॅक्टर चालवायचा नाही. पण पुढच्या वेळी गावी गेलात की एक तास काढा. टाकी उघडून तेल बघा. टोकापासून टोकापर्यंतचे फेरे मोजा. ग्रीसचे सगळे निपल पुसून, प्रत्येकात नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. सक्शन पाइप दाबून बघा, क्लॅम्प आवळा. ट्रॅक्टरचं पुस्तक सापडत नसेल तर शोधून त्याच्या पानांचे फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ठेवा. एका वहीत तारीख, इंजिनचे तास, घातलेलं तेल आणि बदललेला भाग लिहायला सुरुवात करा.

आणि चालवणाऱ्याला विचारा, "कधी जड लागतं? कुठल्या बाजूला?" घरातली वडीलधारी माणसं खांदा दुखतो हे सांगत नाहीत, ट्रॅक्टर त्रास देतो एवढंच सांगतात. काका आता पुन्हा स्वतः रोटाव्हेटर मारतात. वहीत पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, "फेरे तीन."